सेंद्रियचा शिक्का वेगळा, कार्बनचं लेबल वेगळं, दोन्हीवर हिरवं पान असलं तरी

पाकिटावर हिरवं पान दिसलं की आपण धरूनच चालतो, औषध मारलेलं नसंल, तब्येतीला चांगलं असंल, मातीला, हवेला, सगळ्यालाच चांगलं असंल. तसं नाही नं भाऊ. सेंद्रियचा शिक्का म्हणजे एक गोष्ट अन् कार्बनचं लेबल म्हणजे दुसरी, आणि दुकानात गिऱ्हाइकाचा हात दोन्हींकडे वेगवेगळ्या कारणानं जातो.

सेंद्रियचा शिक्का सांगतो की शेती कशी केली. आपल्याकडे 'जैविक भारत' हे चिन्ह एफएसएसएआयच्या, म्हणजे खाण्याच्या मालाची सुरक्षा पाहणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाच्या, २०१७ च्या नियमांतून आलं. त्याच्या मागं दोन रस्ते आहेत, एक एनपीओपी, म्हणजे केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासूनचा, यात बाहेरची संस्था येऊन वावर आणि कागद तपासते, आणि दुसरा पीजीएस, म्हणजे सहभागातून हमी, यात गटातले कास्तकारच एकमेकांची वावरं तपासतात, म्हणून लहान शेतकऱ्याला तोच परवडतो. अकोल्याहून चालणारं डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन तुम्हाला माहीत असंल, अमरावती विभागाचे पाच जिल्हे आणि वर्धा असं ते सुरू झालं होतं. यंदा युरिया बंद केला आन् पुढच्या हंगामात शिक्का भेटला असं होत नाही, तुरीसारख्या पिकाला साधारण २ वर्षं थांबावं लागते, संत्र्याच्या बगीच्याला ३.

पण या सगळ्यात हवेत किती वायू गेला हे कोणी मोजतच नाही. ते काम कार्बनच्या लेबलाचं. पेरणीपासून दुकानाच्या फळीपर्यंत त्या मालापायी किती हरितगृह वायू, म्हणजे हवा तापवणारे वायू, निघाले, खत, पाणी, मिल, ट्रक सगळं धरून, ते आकड्यात नाहीतर रंगात छापायचं. आपल्या देशात खाण्याच्या वस्तूंसाठी असं सरकारी चिन्ह नाही, बाहेर देशात आहे, कुठं कंपनीचं तर कुठं दुकानाचं.

दोन्हींतला फरक पाहायचा असंल तर भंडारा-गोंदियाकडं जा. धानाची रोवणी झाली की बांधीत पाणी साचून राहते, मातीत हवा जात नाही, आणि तिथले जिवाणू मिथेन तयार करतात, जो शंभर वर्षांचा हिशोब धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७-२८ पट तापवतो. आता तोच धान सेंद्रिय केला, युरिया बंद, शेणखत भरपूर, तर युरियापायी निघणारा नायट्रस ऑक्साइड, तोही हवा तापवणाराच वायू, कमी होईल, पण पाणी तसंच साचलेलं असंल आणि त्यात कच्चं शेणखत, तणस टाकलं, तर मिथेन उलट वाढू शकतो, कारण त्या जिवाणूंचं खाणंच ते आहे. मधून मधून बांधी सुकू दिली तर मिथेन कमी होतो, सेंद्रिय असो की रासायनिक. म्हणजे जैविक भारतचा शिक्का असलेला तांदूळ कार्बनच्या लेबलावर नापास होऊ शकते, अन् त्यात खोटेपणा कोणाचाच नाही.

उलटं उदाहरण आपली तूर. कपाशीच्या ओळींत उभी, बहुतेक पावसावर, मुळावरच्या गाठींतून नत्र स्वतःच घेते, पाणी साचवायचं काम नाही. यवतमाळच्या आठवडी बाजारात खुली मिळणाऱ्या तूरडाळीवर कसलंच लेबल नसते, एखाद-दोन फवारे तिनं खाल्लेले असतात म्हणून ती सेंद्रिय नाही, पण कार्बनच्या हिशोबात ती बऱ्याच शिक्केवाल्या पाकिटांच्या पुढं निघंल.

आता गिऱ्हाईक. सेंद्रियचा शिक्का पाहून माणूस दोन पैसे जास्त काऊन देते? मला तरी वाटते, घरच्या पोट्ट्यांच्या पोटात औषध जाऊ नये म्हणून, पर्यावरण नंतर. आणि त्या शिक्क्याची सावली लांबवर पडते बाप्पा. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१० चा अभ्यास आहे, बिस्किटं तीच पण 'सेंद्रिय' म्हटलं की लोकांना त्यात कॅलरी कमी वाटल्या, आता सेंद्रिय साखर काय कमी गोड असते का!

कार्बनच्या लेबलाला हा पोटाचा आधार नाही. वायू सगळ्या जगाचा, पैसे मात्र माझ्या खिशातले. ऑस्ट्रेलियात ईस्ट बॅलिना नावाच्या गावातल्या एका किराणा दुकानात ३७ वस्तूंवर रंगाचे लेबल लावून पाहिले, हिरवं म्हणजे कमी कार्बन, पिवळं मधलं, काळं जास्त. २०११ मध्ये निकाल छापून आला, काळ्याची विक्री ६ टक्के घटली, हिरव्याची ४ टक्के वाढली. म्हणजे लेबल काम करते, पण जरासंच. गंमत पुढं आहे, जिथं हिरवी वस्तू सगळ्यात स्वस्तही होती तिथं काळ्याकडून हिरव्याकडं २० टक्के विक्री सरकली. आमच्या गावच्या किराणावाल्याला हे सांगितलं तर तो म्हणंल, हाव, मंग यात नवीन काय.

आणि हे मोजणं सोपं नसते, महाग पडते. ब्रिटनच्या टेस्कोनं २००७ मध्ये ७० हजार वस्तूंवर कार्बनचा आकडा छापू म्हणून जाहीर केलं होतं, एकेका वस्तूच्या हिशोबाला महिने लागायचे, बाकीची दुकानंही सोबत आली नाहीत, शेवटी २०१२ मध्ये सोडून दिलं. शिवाय नुसते ग्रॅम पाहून गिऱ्हाइकाला कळणार काय, जास्त की कमी? रंग पाहून निदान तुलना तरी होते.

आपल्या खेड्यात तर अर्धा माल लेबलाशिवायच विकला जाते, ओळखीच्या माणसाकडून. त्याला कायद्यातही जागा आहे, लहान शेतकरी स्वतःच्या वावरातला सेंद्रिय माल थेट खाणाऱ्याला प्रमाणपत्राशिवाय विकू शकते, फक्त जैविक भारतचं चिन्ह त्याला लावता येत नाही. म्हणून बचत गटाची, शेतकरी कंपनीची डाळ पाकिटात भरत असाल तर एक पाहा, सेंद्रियचं प्रमाणपत्र हाती आहे म्हणून त्याच्या बाजूला 'पर्यावरणपूरक', 'कमी कार्बन' असं मनानंच छापू नका. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, दावा केला की पुरावा दाखवावा लागते, आणि कार्बनचा पुरावा म्हणून सेंद्रियचा कागद चालणार नाही.