महिला मंडळ की बचत गट? मूल आजारी पडलं की कोणाकडे काय मागायचं

चतुर्थीच्या तोंडावर गोव्यात वाळपईच्या किंवा डिचोलीच्या बाजारात एखादं टेबल हमखास दिसतं. वर सोलं (आमसुलं), पापड, लोणच्याच्या बरण्या आणि पुढे कापडी फलक. फलकावर कधी महिला मंडळाचं नाव असतं, कधी स्वयंसाहाय्य गटाचं, म्हणजे बचत गटाचं, पण टेबलामागच्या बायका पुष्कळदा त्याच असतात. त्यामुळे गावात दोन्हींना सरसकट ‘मंडळ’ म्हणतात आणि एरवी त्यात काही बिघडतही नाही. बिघडतं ते वाड्यावरचं मूल तापाने फणफणतं आणि त्याची आई ‘मंडळात पैसे आहेत ना’ म्हणून दारात येते तेव्हा. कारण पैसे दोन्हीकडे असतात, पण ते कोणाचे हे दोन्हीकडे वेगळं असतं.

बचत गटातले पैसे सभासदांचे. साधारण दहा ते वीस बायका एकत्र येतात, दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. नाबार्डने, म्हणजे राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने, १९९२ मध्ये प्रायोगिक पातळीवर ५०० गट बँकांशी जोडायला घेतले, तिथून ही पद्धत देशभर पसरली. गटाला नोंदणीची सक्ती नाही. ठराव, सभासदांची यादी आणि नियमावली एवढ्यावर बँक बचत खातं उघडते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री पाळली की बँकेचं कर्जही तारणाशिवाय मिळतं.

आता आजारपणाचं गणित. समजा, बाराजणी महिन्याला २०० रुपये टाकतात. वर्षाचे झाले २८,८०० रुपये. त्यातल्या एकीने मुलाच्या तपासण्यांसाठी ५,००० उचलले, महिना २ टक्के व्याजाने, ५०० रुपये मुद्दलाच्या दहा हप्त्यांत. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर एकूण ५५० रुपये जातात. ऐकायला २ टक्के जड वाटतात, पण हे व्याज सावकाराच्या खिशात जात नाही, गटातच राहतं आणि तिचाही त्यात वाटा असतो. शिवाय कागदपत्रांसाठी खेटे नाहीत. गटाच्या नियमात तशी सोय असेल तर संध्याकाळी अध्यक्षा आणि खजिनदार यांच्याशी बोलणं झालं की गटाची पेटी उघडते. एवढ्या वेगाने पैसे देणारं दुसरं दार गावात नाही. पण दोन अटी विसरू नयेत: पैसे सभासद बाईलाच मिळतात आणि ते परत करायचे असतात.

नेमकी इथेच गरीब घराची अडचण होते. सर्वांत नडलेली बाई बहुधा गटात नसतेच. महिन्याचे २०० रुपये नियमाने बाजूला काढणं तिला जमत नाही म्हणून ती आली नाही, किंवा हप्ते थकले म्हणून बाहेर पडली. अनेकींचा हप्ता राज्य सरकारच्या गृह आधार योजनेतून गृहिणींना दरमहा मिळणाऱ्या १,५०० रुपयांतून जातो. ते खात्यात उशिरा आले की हप्ताही पुढे ढकलला जातो.

महिला मंडळाचं तसं नाही. नोंदणीकृत मंडळ ही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था. किमान सात सभासद, लिहून दिलेले उद्देश आणि दरवर्षी निबंधकांकडे पाठवायची कार्यकारिणीची यादी, असा तिचा कारभार. मंडळाकडचे पैसे वर्गणीचे असोत, देणगीचे असोत की फुगडी स्पर्धेच्या प्रवेश फीचे, ते त्या उद्देशांचे असतात, कोणा सभासदाचे नव्हेत. म्हणून मंडळ सभासद नसलेल्या घरालाही मदत करू शकतं आणि ती परत मागत नाही. वेग मात्र कमी. बैठक बोलवा, ठराव करा, पावती ठेवा, यात आठवडा सहज जातो.

हे दोन्ही नीट ओळखायचे असतील तर बंद पडल्यावर काय होतं ते विचारा. गट मोडला तर देणी भागवून उरलेले पैसे सभासद वाटून घेतात. मंडळ विसर्जित झालं तर कायद्यानेच सभासदांना त्यातला रुपया घेता येत नाही, उरलेली मालमत्ता दुसऱ्या संस्थेकडे जाते. एवढं लक्षात आलं की बाकीचा गोंधळ आपोआप निवळतो.

गोंधळ होतो तो चांगुलपणातून. मूल गंभीर असतं, सगळ्यांचा जीव कळवळतो आणि गटाच्या पेटीतून पाच हजार ‘मदत’ म्हणून दिले जातात. तीन महिन्यांनी एकीला मुलीच्या फीसाठी कर्ज हवं असतं, तेव्हा पेटीत तेवढे पैसे नसतात आणि मग जुनी उणीदुणी निघतात. उलट बाजूने, मंडळाने देणगीतून व्याजाने कर्जं द्यायला लागणं हे तर त्याहून वाईट. माझं मत विचाराल तर बायका त्याच असू देत, वह्या दोन हव्यात आणि बँक खातीही दोन. गटातल्या बायकांना कोणाला मदतच करायची असेल तर प्रत्येकीने आपल्या खुशीने वेगळी वर्गणी काढावी, बचतीला हात लावू नये.

यांच्या मधली एक सोयही आहे. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानाखाली गावातल्या गटांचा मिळून ग्रामसंघ होतो आणि आजारपण किंवा अन्नाची टंचाई अशा प्रसंगांसाठी त्याच्याकडे जोखीम निवारण निधी ठेवायची तरतूद आहे. तुमचे गट अभियानात असतील तर ग्रामसंघाच्या बैठकीत या निधीबद्दल विचारा.

आणि खर्च म्हणजे तरी काय? मोठ्या उपचारांना राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक असतील तर चार लाखांपर्यंत. पण सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरून वाळपई, मग सांखळी, पणजी आणि पुढे बांबोळी अशा बसगाड्या बदलत जाणं, सोबतच्या माणसाचं जेवण, बापाची बुडालेली मजुरी, घरी राहिलेल्या धाकट्यांना सांभाळणं, हे या योजनेचं कार्ड भरत नाही. इथे मंडळ खरं उपयोगी पडतं, आणि पैशांपेक्षा माणसांनी. कार्डाची मुदत कोणीतरी बघायला हवी, बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते सांगायला हवं, अपंग मुलासाठी दरमहा अर्थसाहाय्य देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज भरून द्यायला हवा. देशभर ज्या कामांसाठी आशा सेविका नेमल्या, त्या योजनेत गोवा आला नाही, त्यामुळे ही धावपळ इथे अंगणवाडी सेविका आणि शेजारच्या बायकांवरच पडते.

शाळेतल्या दुपारच्या आहाराचा विषय निघाला की हे दोघे पुन्हा एका रांगेत दिसतात, कारण गोव्यात भाजी-पाव पोचवायचं काम गटही करतात आणि मंडळंही. पण ते कंत्राट आहे, मुलांवर केलेले उपकार नव्हेत. बिलं थकली की बायका रस्त्यावर येतात आणि ते योग्यच आहे.

बाहेरून मदत करू पाहणाऱ्याने पैसे मंडळाला द्यावेत आणि मंडळाच्या नावाची छापील पावती मागावी. गटाला मदत करायची असेल तर त्यांची सोलं आणि लोणचं विकत घ्यावं, घासाघीस न करता.