सॉफ्टवेअर टेस्टिंग कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं

सॉफ्टवेअर तपासायला कधी घ्यायचं आणि तपासणं कधी पुरे म्हणून ते लोकांच्या हातात द्यायचं, हे ठरवणं म्हणजे हा विषय. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठल्याही कंपनीत रिलीज जवळ आली की वाद होतो तो यावरच. त्यातला सुरू कधी करायचं हा भाग तसा सोपा आहे, खरी अडचण थांबण्याची आहे.

सुरुवात कोड लिहायच्या आधीच होते. समजा बसच्या तिकिटाचं ॲप करायचंय आणि रिक्वायरमेंटमध्ये लिहिलंय "१२ वर्षांपर्यंत अर्धं तिकीट", तर बारावा वाढदिवस झालेल्या मुलाला अर्धं की पूर्ण, हे टेस्टरने त्याच मीटिंगमध्ये विचारलं पाहिजे, कारण तेव्हा फक्त एक ओळ बदलावी लागते, नंतर कोड, डेटा आणि रिपोर्ट सगळंच. सॉफ्टवेअरच्या खर्चाचा अभ्यास करणारे अमेरिकन संशोधक बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये मांडलं की अशी चूक रिलीजनंतर दुरुस्त करायला मोठ्या प्रोजेक्टमध्ये १०० पटीपर्यंत खर्च येऊ शकतो. छोट्या प्रोजेक्टमध्ये फरक बराच कमी असतो, पण क्लासमध्ये फक्त १०० चाच आकडा पाठ करून घेतात. कोड न चालवताही तपासता येतो, त्याला स्टॅटिक ॲनालिसिस म्हणतात आणि पुण्यातच १९८१ ला सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये त्यावर बरंच संशोधन झालंय. प्रत्यक्ष चालवून तपासायचं मात्र बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार झालेलं चालवण्याजोगं सॉफ्टवेअर, स्मोक टेस्टमध्ये, म्हणजे मुख्य गोष्टी चालतात का या झटपट तपासणीत, पास झाल्यावरच, लॉगिनच होत नसेल तर पुढच्या टेस्ट केस लावून काय उपयोग?

आता थांबणं. टेस्टिंगने बग, म्हणजे चुका, आहेत हे दाखवता येतं, नाहीत हे दाखवता येत नाही, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा १९६९ मध्येच सांगून गेलेत. ३२ बिटचे दोन आकडे घेणारं साधं फंक्शन धरा, सगळ्या जोड्या तपासायच्या तर २ चा ६४ वा घात, म्हणजे सेकंदाला १०० कोटी टेस्ट चालवल्या तरी ५८० पेक्षा जास्त वर्षं लागतील. म्हणजे सगळं तपासून झालं म्हणून कोणी थांबत नसतं, उरलेली जोखीम परवडते म्हणून थांबतात.

ती मोजायला एक्झिट क्रायटेरिया, म्हणजे थांबण्याच्या अटी, असतात : ठरलेल्या टेस्ट केस झाल्या का, शोस्टॉपर, म्हणजे रिलीजच अडवेल असा, बग दुरुस्त व्हायचा राहिलाय का, कोडचं कव्हरेज किती, म्हणजे टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालवून झाला, नवे बग सापडायचं प्रमाण घटलं का. हे शेवटचं जरा जपून वापरावं, कारण गणपतीत अर्धी टीम सुट्टीवर असली की आलेख आपोआप खाली येतो आणि सॉफ्टवेअर सुधारलं असं वाटतं. अमेरिकन संगणकतज्ज्ञ हार्लन मिल्स यांची युक्ती मला जास्त प्रामाणिक वाटते. कोडमध्ये मुद्दाम २० चुका पेरायच्या, टेस्टरना त्यातल्या १५ सापडल्या आणि सोबत खरे ४५ बग सापडले, तर खरे एकूण ६० असतील म्हणजे अजून १५ लपलेत असा अंदाज निघतो. पेरलेल्या चुका खऱ्यांइतक्याच अवघड असल्या तरच हे गणित जमतं, आणि रिलीजआधी त्या आठवणीने काढाव्या लागतात.

पुण्यात गाड्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमना हे सगळं मनाने ठरवता येत नाही. तिथे आयएसओ २६२६२ हे गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअरच्या सुरक्षिततेचं स्टँडर्ड लागतं, ते २०११ मध्ये आलं. ब्रेकसारख्या सगळ्यात धोकादायक पातळीच्या कोडसाठी, कंडिशनमधला प्रत्येक भाग एकट्याने निकाल बदलू शकतो हे टेस्टने दाखवा, अशी त्याची ठाम शिफारस आहे. साध्या शॉपिंग ॲपला एवढं करत बसायची गरज नाही.

हे क्रायटेरिया सुरुवातीलाच लिहून ठेवायला हवेत, रिलीजच्या आदल्या रात्री ठरवले तर ते तारखेला सोयीचे असेच ठरतात. तारखेमुळे थांबावं लागलं तर थांबावं, पण काय तपासायचं राहिलं ते साइन-ऑफच्या, म्हणजे टेस्टिंग संपल्याचं कळवणाऱ्या, मेलमध्ये स्पष्ट लिहावं आणि गो की नो-गो, म्हणजे रिलीज करायचं की नाही, हे धंद्याची जबाबदारी असलेल्या माणसाने ठरवावं, टेस्टरच्या गळ्यात घालू नये.

एकदा थांबलेलं टेस्टिंग परिस्थिती बदलली की परत सुरू करावं लागतं, कोड तोच असला तरी. युरोपचं एरियान ५ रॉकेट ४ जून १९९६ ला उड्डाणानंतर जेमतेम ४० सेकंदांत कोसळलं, कारण आधीच्या एरियान ४ मध्ये नीट चाललेला कोड त्यात तसाच घेतला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, त्यामुळे ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये मावला नाही, आणि नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून ती सिस्टिम तपासलेलीच नव्हती.