पाळीव सापाचे कात टाकणे

काचपेटीत पाळलेल्या सापाची जुनी बाह्यत्वचा वेळेवर आणि अखंड निघावी, यासाठी घ्यावयाची काळजी. निरोगी सापाला या कामी माणसाच्या हाताची गरज नसते. पुरेसा दमटपणा, पिण्याचे स्वच्छ पाणी, तोंड घासण्यासाठी खडबडीत लाकूड किंवा दगड आणि एकांत एवढे मिळाले की तो स्वतःच कात टाकतो.

जुन्या त्वचेखाली नवा थर तयार झाला की दोन्ही थरांमध्ये लसिकेसारखा (लिम्फसारखा) द्रव साठतो आणि विकरांच्या (एन्झाइमांच्या) क्रियेने ते एकमेकांपासून सुटू लागतात. या काळात अंगाचा रंग फिका पडतो आणि डोळे दुधाळ निळसर दिसतात, कारण सापाला मिटणाऱ्या पापण्या नसून त्याच्या डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो व तोही कातीबरोबर बदलतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, मात्र कात त्यानंतर साधारणपणे २ ते ४ दिवसांनी पडते. साप ओठांजवळची त्वचा घासून सोडवतो आणि तिच्यातून पुढे सरकत बाहेर येतो. कात उलटी होऊन मागे राहते. वाढत्या पिलांमध्ये हे दर ४ ते ६ आठवड्यांनी घडते, तर प्रौढ साप वर्षातून मोजक्याच वेळा कात टाकतो.

डोळे धूसर असताना सापाला नीट दिसत नाही, तो बुजतो आणि एरवी शांत असलेला सापही चावू शकतो. खालची नवी त्वचाही तेव्हा नाजूक असते. म्हणून या दिवसांत त्याला हाताळू नये. त्याने भक्ष्य नाकारले तरी काळजीचे कारण नसते.

कात तुकड्यातुकड्यांनी निघण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे कोरडी हवा. बॉल पायथन या आफ्रिकी अजगरासाठी एरवी सुमारे ६० टक्के आर्द्रता ठेवून या काळात ती ७० टक्क्यांपर्यंत वाढवतात; कॉर्न स्नेक या उत्तर अमेरिकी बिनविषारी सापाला याहून कमी पुरते. सर्वांत चांगला उपाय म्हणजे ओलसर शेवाळ भरलेली, साप आत जाऊ शकेल एवढे एक छिद्र असलेली बंद डबी पेटीत ठेवणे, कारण त्यामुळे ओलाव्यात कधी जायचे हे साप स्वतः ठरवतो. सगळी पेटीच सतत ओली ठेवली आणि हवा खेळती नसली, तर पोटाच्या खवल्यांना जिवाणूंचा संसर्ग होतो.

पडलेली कात पसरून डोळ्यांवरचे दोन्ही खवले आणि शेपटीचे टोक तिच्यात आले आहे का, हे दर वेळी तपासावे. अंगावर तुकडे राहिल्यास सापाला त्याच्या अंगाच्या जाडीपेक्षा उथळ, २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात २० ते ३० मिनिटे, सतत नजरेखाली ठेवावे आणि नंतर ओल्या टॉवेलच्या घड्यांमधून सरकू द्यावे. न सुटलेली त्वचा ओढून काढू नये. शेपटीवर राहिलेले कडे वाळून आवळते, रक्तपुरवठा तोडते आणि टोक मरते, म्हणून तिथे दिरंगाई चालत नाही. डोळ्यावर अडकलेला खवला चिमट्याने काढण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. त्यात खालचा नवा खवला फाटून डोळा कायमचा जाऊ शकतो. दमटपणा वाढवूनही तो पुढच्या कातीबरोबर निघाला नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांकडे जावे. हवा योग्य असूनही कात वारंवार अडकत असल्यास माइट नावाचे बारीक परजीवी, शरीरातील पाण्याची कमतरता, जुने व्रण, चुकीचे तापमान किंवा एखादा आजार यांचा शोध घ्यावा लागतो.