दाताच्या इम्प्लांटचा खरा कस तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात

खालची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि अनेकांची सगळ्यात आधी तीच काढावी लागते. जागा रिकामी ठेवली की मागची दाढ पुढे कलते, वरची खाली उतरते आणि तिथलं हाड झिजत जातं. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या कृत्रिम दातासाठी, शेजारचे धडधाकट दात तासावे लागतात. इम्प्लांटमध्ये ते वाचतात.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर ॲबटमेंट (कॅपला आधार देणारा जोड) आणि वर कॅप. दाढेचा स्क्रू साधारण 4 ते 5 मिलिमीटर जाड आणि 8 ते 12 मिलिमीटर लांब असतो. जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून किमान 2 मिलिमीटर अंतर सोडायचं, म्हणून आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) काढतात. भोक पाडताना हाड 47 अंश सेल्सिअसच्या वर मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते. त्यामुळे ड्रिल धारदार हवं, ते बारकापासून जाडाकडे वापरायचं आणि सलाईनची धार थांबू द्यायची नाही.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना 1952च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करताना दिसलं. 1965मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले. पण हे एकजीव होणं सरळ रेषेत होत नाही. पहिल्या दिवशी स्क्रू नुसता घट्ट रुतलेला असतो. मग शरीर भोकाभोवतीचं दुखावलेलं हाड विरघळवतं आणि नवं घालतं. जुनं गेलेलं, नवं अजून कोवळं, अशा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सर्वांत कमी असते. नेमकं तेव्हा दुखणं थांबलेलं असतं आणि माणूस त्या बाजूने चावू लागतो. स्क्रू 0.1 ते 0.15 मिलिमीटरहून जास्त हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते आणि इम्प्लांट सुटतं. खालच्या जबड्यात कॅपसाठी सहसा तीन महिने थांबतात, ते याचसाठी.

कॅप बसली तरी दुर्लक्ष नको. नैसर्गिक दाताच्या मुळाला हिरडीचे तंतू शिवलेले असतात, इम्प्लांटला नाहीत. कडेला कॅप चिकटवायचं सिमेंट किंवा कीटण राहिलं की सूज थेट हाडापर्यंत उतरते. मशेरी, तंबाखू, सिगारेट आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हा धोका वाढवतात. रोज इंटरडेंटल ब्रश (दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश) फिरवायलाच हवा.

कॅप डुगडुगली तर बहुधा ॲबटमेंट धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू ढिला झालेला असतो. तो लगेच आवळून घ्या. तसंच चावत राहिलात तर तो आतच तुटतो. खालचं इम्प्लांटच हलत असेल, तर मात्र ते काढावंच लागतं.