सिमेट्री वेगळी, प्रपोर्शन वेगळं: शरीरसौष्ठवाच्या स्टेजवर परीक्षक काय पाहतात?

शरीरसौष्ठवाची स्पर्धा पाहताना ‘सिमेट्री’ हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. एखाद्याचे पाय बारीक दिसले की म्हणतो, सिमेट्री नाही. कंबर रुंद वाटली तरी तेच. खरं तर या दोन्ही तक्रारींचा सिमेट्रीशी संबंध नाही. दोन्ही प्रपोर्शनच्या आहेत.

सिमेट्री म्हणजे डावं-उजवं. डोक्यापासून पायांपर्यंत मधोमध रेघ ओढली तर दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतात का, एवढाच तिचा प्रश्न. डावा दंड उजव्यापेक्षा लहान, एक खांदा उतरलेला, एका मांडीवरचे स्नायू सुटे-सुटे आणि दुसरीवरचे पुसट, हे सिमेट्रीचे दोष. प्रपोर्शन म्हणजे एका अवयवाचं दुसऱ्याशी असलेलं प्रमाण: खांद्यांच्या मानाने कंबर, मांडीच्या मानाने पोटरी, छातीच्या मानाने पाठ. मान, दंड आणि पोटरी यांचा घेर जवळजवळ सारखा असावा, ही जुन्या व्यायामपटूंची आवडती कसोटी प्रपोर्शनचीच. दोन्ही पोटऱ्या हुबेहूब सारख्या आहेत पण दोन्ही काटकुळ्या आहेत, अशा स्पर्धकाची सिमेट्री निर्दोष असते आणि प्रपोर्शन बिघडलेलं असतं.

हा गोंधळ फक्त प्रेक्षकांचा नाही, तो खेळाच्या जन्मापासून आहे. आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक मानल्या जाणाऱ्या युजीन सँडोने १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली, तेव्हा नुसत्या मोठ्या स्नायूंना बक्षीस नाही, हे त्याने आधीच स्पष्ट केलं होतं. परीक्षकांत एक शिल्पकारही होता, यातच सगळं आलं. सँडोच्या निकषांपैकी एक होता शरीराच्या वाढीतली समानता किंवा संतुलन. म्हणजे डाव्या-उजव्याची समानता आणि अवयवांमधलं संतुलन एकाच ओळीत बसवलेलं. पुढे स्पर्धक सरळ उभे राहून चारही दिशांना वळतात त्या फेरीला ‘सिमेट्री राउंड’ म्हणायची पद्धत पडली. प्रत्यक्षात तिथे परीक्षक दोन्ही गोष्टी पाहतात.

गुणपत्रिकाही हा फरक उघड करत नाही. व्यावसायिक स्पर्धेत सिमेट्रीला इतके, प्रपोर्शनला इतके असे वेगळे मार्क नसतात. परीक्षक स्पर्धकांना शेजारी-शेजारी उभं करतो, जागा बदलायला लावतो, आणि शेवटी प्रत्येकाला फक्त क्रमांक देतो. टोकाचे क्रमांक वगळून उरलेल्यांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकतो. पाच परीक्षकांचे आकडे धरले जात असतील आणि पाचही जणांनी १ दिला, तर त्या फेरीत ५ ही सर्वोत्तम बेरीज. आकार, पीळ, कंडिशन (म्हणजे चरबी किती उतरली आहे ते), सिमेट्री, प्रपोर्शन सगळं त्या एका आकड्यात विरघळलेलं असतं. म्हणून कोणता दोष किती महागात पडला हे कागदावरून कळत नाही, पोझ पाहूनच ओळखावं लागतं.

आणि पोझ नीट पाहिल्या की मोठा फरक दिसतो. ओपन, म्हणजे वजनाची मर्यादा नसलेल्या गटात आठ सक्तीच्या पोझ असतात. साइड चेस्ट (बाजूने छाती) आणि साइड ट्रायसेप्स (बाजूने दंडाची मागची बाजू) या पोझमध्ये कोणती बाजू दाखवायची हे स्पर्धक ठरवतो. साहजिकच तो चांगली बाजू पुढे करतो. बॅक डबल बायसेप्समध्ये, म्हणजे पाठ करून दोन्ही दंड फुगवताना, एक पाय मागे टाकून चवड्यावर उभं राहायचं असतं. तिथेही कोणती पोटरी आवळून दाखवायची हे त्याच्याच हातात. डावं-उजवं उघडं पडतं ते मुख्यतः समोरून आणि मागून, जिथे दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात. सरळ उभं राहून वळण्याच्या फेरीत परीक्षकाला दोन्ही कुशी दिसतात खऱ्या, पण एकामागून एक. सिमेट्रीचा लहानसा दोष हुशार स्पर्धक पोझिंगने झाकू शकतो.

प्रपोर्शनला अशी पळवाट नाही. बारीक पोटरी समोरून बारीक, बाजूने बारीक, मागूनही बारीकच. मागच्या मांडीला भरीवपणा नसेल तर बाजूच्या प्रत्येक पोझमध्ये ती सपाट दिसते. म्हणून माझ्या मते, दोन्ही दोष सारखेच ठळक असतील तर प्रपोर्शनचा जास्त महाग पडतो.

डोरियन येट्सचं उदाहरण घ्या. १९९४ च्या मिस्टर ऑलिंपिया या व्यावसायिक शरीरसौष्ठवातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धेच्या काही आठवडे आधी त्याच्या डाव्या दंडाचा स्नायू फाटला. हात वर उचलून दंड फुगवला की दोन बाजूंतला फरक लपणं शक्यच नव्हतं. तरीही तो जिंकला, आणि १९९२ ते १९९७ अशी सलग सहा जेतेपदं त्याच्या नावावर आहेत. त्याच्या पाठीची जाडी आणि कंडिशन इतकी पुढे होती की एका दंडाची उणीव तिच्यापुढे तोकडी पडली.

याच्या उलट टॉम प्लॅट्झ. त्याच्या मांड्या आजही दंतकथा आहेत, पण वरचं शरीर त्यांच्या तोडीचं नव्हतं. १९८१ च्या ऑलिंपियात तो तिसरा आला. इतका असामान्य अवयव असूनही त्याला हे जेतेपद कधीच मिळालं नाही. मला यात अन्याय दिसत नाही. एका अवयवाने बाकीच्यांना लहान करून टाकणं हा दोषच आहे, तो अवयव कितीही देखणा असो.

दोन्हींत काही भाग हाडांचा आणि जन्माचा असतो. गळपट्टीच्या हाडांची लांबी, कटीची रुंदी, पोटरीचा स्नायू किती वर संपतो, पोटावरच्या चौकटी समोरासमोर येतात की वरखाली, यांतलं काहीच व्यायामाने बदलत नाही. जे बदलतं, त्याची वाट मात्र वेगळी आहे. सिमेट्रीसाठी एकेका हाताने डंबेल उचलून मागे पडलेल्या बाजूला बरोबरीला आणतात. प्रपोर्शनसाठी काही अवयवांना थोपवून एकाच अवयवावर वर्षानुवर्षं मेहनत घ्यावी लागते. अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या पोटऱ्या सुरुवातीला कमजोर होत्या. त्याने पँट गुडघ्याशी कापली आणि त्या उघड्या ठेवूनच व्यायाम सुरू केला, म्हणजे जो कोणी पाहील त्याला आधी त्याच दिसाव्यात.