पी.टी.च्या सरांचा तास कुठे संपतो?

यवतमाळ-वाशीमकडच्या एखाद्या खेड्यातल्या शाळेत दुपारची खिचडी झाली की जरा थांबून बघा. सात-आठ पोरं अख्खं मैदान अडवून क्रिकेट खेळतात. मुली निंबाखालच्या ओट्यावर बसलेल्या. आणि पी.टी.चे सर? ते बहुधा ऑफिसात, कुठलीतरी ऑनलाइन माहिती भरत.

जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते, की ५ ते १७ वयात रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. म्हणजे आठवड्याला ४२०. पी.टी.चे ३५ मिनिटांचे दोन तास धरले तर ७० भरतात, त्यातली काही रांगा लावण्यातच जातात. उरलेल्या ३५० मिनिटांचं काय? ‘खेड्यातलं पोर दिवसभर उंडारतंच’ हे उत्तर आता जुनं झालं. शाळेत जायला ऑटो आणि घरी मोबाइल आहे. १४६ देशांच्या २०१६ च्या अंदाजात ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं या रोजच्या ६० मिनिटांना कमी पडली. मुलग्यांत हा आकडा ७८, मुलींत ८५.

शनिवारच्या कवायतीत एकदाच घाम गाळून आठवड्याची बेगमी होत नाही, आणि त्याचं कारण स्नायूत आहे. स्नायू आकसला की पेशीत दडलेले ‘ग्लुट-४’ नावाचे वाहक तिच्या पडद्यावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात. इन्शुलिनची वाट न बघता! पण स्नायू थांबला की काही तासांत हे वाहक परत आत जातात. हाडांचं वेगळं: त्यांना धक्का लागतो. उडीचा दणका बसला की हाडाच्या पेशी भर घालू लागतात, आणि वयात येतानाच्या वर्षांत ही भर सगळ्यात जास्त पडते. त्या दृष्टीने लंगडीसारखा स्वस्त खेळ नाही.

अमेरिकेत यासाठी आराखडाच आहे. पी.टी.चा तास, शाळेतला इतर वेळ, शाळेआधी-नंतरचा वेळ, बाकीचे शिक्षक आणि घर-गाव असे त्याचे पाच भाग, आणि ते जुळवून आणणारा शारीरिक शिक्षक.

आपल्याकडे सुरुवात फक्कीच्या पोत्यापासून करता येते. मैदानाचे तीन भाग आखायचे आणि लंगडीचा चौकोन मुद्दाम त्या ओट्यासमोर, निंबाच्या सावलीत घ्यायचा. ब्रिटनमधल्या काही शाळांत नुसते रंगीत पट्टे आखल्यावरही सुट्टीतली हालचाल वाढलेली दिसली. गणिताच्या गुरुजींना पाढे उभ्याने, पावलांच्या तालावर घ्यायला सांगायचं. मार्चपासून सकाळची शाळा लागली की खेळ उन्हाआधी, परिपाठालाच उरकायचे. मानव विकासच्या योजनेत मुलींना सायकली मिळतात, त्यातल्या कितीतरी पंक्चर होऊन भिंतीला टेकलेल्या असतात. शाळेत सोल्यूशन आणि पंप ठेवणं हेही माझ्या मते शारीरिक शिक्षणच!

अडचण अशी, की शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीला, तोही पट शंभरावर असेल तरच. वस्तीवरच्या दोन शिक्षकी शाळेत पी.टी.चे सर कुठून येणार? केंद्रातल्या मोठ्या शाळेच्या सरांनी महिन्यातला एक शनिवार तिथे घालवावा, आणि परतताना फक्कीचं अर्धं पोतं तिथेच ठेवून यावं.