गावठी लोखंडभट्टी

खनिज दगड आणि लाकडी कोळसा एकत्र जाळून लोखंड काढायची मातीची भट्टी म्हणजे गावठी लोखंडभट्टी, आपल्याकडे डोंगराळ भागात १९व्या शतकापर्यंत ती चालायची. लोहाराची भट्टी वेगळी बरं का, तिथे तयार लोखंड फक्त तापवतात. नाशिककरांना भट्टी म्हटलं की तीच आठवते आणि त्यात त्यांची चूकही नाही, शहराभोवतालच्या दगडातून लोखंड काढणं परवडणारच नव्हतं.

म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात लोह नाही असं नाही, बेसॉल्टमध्ये लोहाचं ऑक्साइड साधारण १० ते १५ टक्के भरतं, पण बरंचसं सिलिकेटमध्ये, म्हणजे सिलिका असलेल्या खनिजांत अडकलेलं, भट्टीत घातलं तर कीटच, म्हणजे दगडाचा वितळलेला मळच, हाती येणार. तोच दगड महाबळेश्वरच्या पावसात लाखो वर्षं कुजला, सिलिका धुऊन गेली, लोह मागे उरलं आणि जांभा झाला. म्हणून तिकडे लोखंड काढणाऱ्या धावड लोकांच्या भट्ट्या होत्या आणि इकडे गोदाकाठी लोहार.

भट्टी बघायला अगदी साधी, मातीचं धुराडं म्हणा ना. वरून कोळसा आणि फोडलेला दगड आलटून पालटून टाकायचा, खालून मातीच्या नळीतून कातडी भात्यांनी वारा मारायचा, आणि भाते दोन लागतात कारण एक भरेपर्यंत दुसरा चालू पाहिजे. कोळशाचा वायू दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो. आत १२०० अंशांच्या आसपास तापतं, लोखंड वितळायला १५३८ लागतात, त्यामुळे ते वितळतच नाही, फक्त कीट पातळ होऊन वाहतं आणि तळाशी स्पंजासारखा गोळा जमतो. तो लालभडक असतानाच घणाने झोडपून उरलेलं कीट बाहेर काढायचं. उष्णता फार वाढली तर लोखंड कोळशातला कार्बन शोषतं आणि त्याचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड होतं, तवा ओतायला ठीक, पण फाळ किंवा कुऱ्हाड ठोकायला गेलं की फुटतं. आणि हे सगळं अंदाजाने बरं, ज्वाळेचा रंग बघून.

बुडाली कशाने, तर दोन बाजूंनी. लोखंडाच्या कितीतरी पट कोळसा लागायचा आणि १८६५ व १८७८ च्या जंगल कायद्यांनंतर लाकूड तोडणं अवघड होत गेलं. दुसरीकडे विलायती लोखंड स्वस्त. आपल्याकडे तर १८६५ ला थळ घाटातून रेल्वे वर चढली, मग मुंबई बंदरातला माल नाशिकच्या लोहारापर्यंत यायला कितीसा वेळ! गाडीच्या चाकाची धाव असो की विळा, पट्टी विकत घ्यायची आणि ठोकायची, लोखंड कुठल्या डोंगरातलं हे विचारायची गरजच संपली.

चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहारा गावच्या लोह खनिजाबद्दल १८८२ चा एक रिपोर्ट जमशेटजी टाटांनी वाचला होता, पण वरोऱ्याचा दगडी कोळसा कामाचा निघाला नाही आणि त्यांचा लोखंडाचा कारखाना पुढे साकचीला, म्हणजे आताच्या जमशेदपूरला झाला.

भट्ट्यांचं कीट मात्र वाया गेलं नाही. आयुर्वेदात त्याला मंडूर म्हणतात, पांडुरोगावर म्हणजे रक्त कमी असताना त्याचं भस्म देतात, आणि रसशास्त्राचा हिशोब असा की १०० वर्षं जुनं कीट उत्तम, ८० वर्षांचं मध्यम, ६० चं कमी प्रतीचं. त्या हिशोबाने १९व्या शतकातलं कीट आता कुठे उत्तम झालंय.